पंपाच्या इंजिनाचे हेड : फट मोजा, ठसाही पाहा

(शेतकऱ्यांसाठीच्या आकाशवाणी कार्यक्रमात कृषी अधिकाऱ्यांनी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी बियाण्याबद्दल बोलणार नाही, खताबद्दल नाही आणि खोडकिड्याबद्दलही नाही. आज बोलायचे आहे ते आपल्या पाण्याच्या पंपावरच्या डिझेल इंजिनाबद्दल. त्यातही इंजिनाच्या डोक्याबद्दल, म्हणजे ज्याला आपण सगळे हेड म्हणतो त्याबद्दल. कुणी म्हणेल, हे काम मिस्त्रीचे, शेतीखात्याच्या माणसाने यात कशाला पडायचे? त्याचे उत्तर पुढे येईल. उत्तर माझ्याच एका चुकीत आहे, आणि ती चूक लपवण्यापेक्षा चारचौघांत सांगितलेली बरी.

आपल्या कर्जत आणि खालापूर तालुक्यांत पावसाळ्यात पाण्याला तोटा नाही. तोटा पडतो तो दिवाळीनंतर. भिवपुरीच्या वीजगृहातून सुटलेले पाणी पेज नदीला आणि राजनाल्याला मिळते. खोपोलीच्या वीजगृहातले पाणी पाताळगंगेला येते. खोपोलीचे वीजगृह १९१५ सालचे आणि भिवपुरीचे १९२२ सालचे. वीज मुंबईसाठी निघाली, पण मागे सुटलेल्या पाण्यावर आपल्याकडे उन्हाळी भात उभे राहिले. ज्यांच्या बांधाला कालव्याचे पाणी आपोआप लागते त्यांचा प्रश्न नाही. पण ज्यांचे शेत नदीपासून वर आहे, किंवा चिल्हारकाठी डोहातून पाणी उचलावे लागते, त्यांना पंपाशिवाय गत्यंतर नाही. विजेची मोटर बऱ्याच ठिकाणी आली, सौरपंपही आले. तरीसुद्धा जिथे खांब पोचला नाही, किंवा वीज ऐन वेळी जाते, तिथे आजही डिझेल इंजिनच कामाला येते. शिवाय पॉवर टिलरवाल्यांच्या टिलरमध्येही असेच एका सिलिंडरचे इंजिन असते.

आता ती हकिगत सांगतो.

मी नोकरीला लागून दुसरेच वर्ष होते. पेज नदीकाठच्या एका गावात एक वयस्क शेतकरी होते. सगळे गाव त्यांना तात्या म्हणायचे. तात्यांनी उन्हाळी कर्जत ३ लावले होते. पीक पाहायला म्हणून मी गेलो होतो. पंप चालू होता, पण इंजिनाच्या डोक्यातून टकटक असा आवाज येत होता. तात्या म्हणाले, "साहेब, पावसाळ्यानंतर हेड उतरवून काम करून आणलंय. तवापासून हा आवाज काय जात नाही." मी बी.एस्‌सी. ॲग्री झालेला. कॉलेजात शेती अवजारांच्या तासाला टॅपेटची फट लावायला शिकलो होतो. मी म्हटले, आणा फिलर गेज. इंजिन थंड होऊ दिले, पुस्तकात दिलेली पट्टी घातली. पट्टी बरोबर बसली. इंजिन चालू केले, तरी आवाज होताच. तात्या माझ्या तोंडाकडे बघू लागले. मी सांगितले, "फट पुस्तकाप्रमाणे आहे. आवाजाकडे लक्ष देऊ नका."

बाराव्या दिवशी इंजिन बंद पडले. भात फुलोऱ्यात आले होते. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह गाईडमध्ये अडकला, खालून पिस्टनने त्याला ठोकला, व्हॉल्व्ह वाकला आणि पुशरॉडही वाकला. सुटे भाग आणून, हेड पुन्हा दुरुस्त करून इंजिन चालू व्हायला नऊ दिवस लागले. शेजाऱ्यांनी दोन रात्री आपले इंजिन दिले, म्हणून खालचे खाचर वाचले. पण वरच्या बाजूचे पंधरा गुंठे कोरडे पडले. तुम्हाला ठाऊकच आहे, फुलोऱ्यात भाताला पाणी तुटले की दाणा भरत नाही. त्या पंधरा गुंठ्यांत निम्म्याहून अधिक लोंब्या पोचट निघाल्या.

तात्यांनी मला एक शब्दही वाकडा बोलून दाखवला नाही. एवढेच म्हणाले, "साहेब, बैल लंगडत असला तर त्याचा पाय उचलून खूर बघावं लागतं. लांबून बघून चालत नाही."

त्यानंतर मी खोपोलीला एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. घाट चढणाऱ्या मालट्रकांची इंजिने दुरुस्त करण्यात त्यांचे आयुष्य गेले होते. त्यांनी तात्यांच्या इंजिनाचे हेड हातात घेतले, रॉकरचे टोक अंगठ्याने चाचपले आणि म्हणाले, "तुम्ही फट मोजली, पण ठसा पाहिला नाही." आजचे माझे भाषण म्हणजे त्या मिस्त्रींनी शिकवलेला धडा आहे.

आधी हेडमध्ये काय चालते ते थोडक्यात पाहू.

इंजिनाला श्वास घ्यावा लागतो आणि सोडावाही लागतो. हवा आत घ्यायला एक व्हॉल्व्ह, त्याला इनलेट म्हणतात. जळालेला धूर बाहेर टाकायला दुसरा, तो एक्झॉस्ट. हे व्हॉल्व्ह स्प्रिंगने घट्ट मिटलेले असतात. त्यांना उघडायचे काम खाली असलेला कॅमशाफ्ट करतो. कॅमचा उंचवटा टॅपेटला वर ढकलतो, टॅपेट पुशरॉडला ढकलतो, पुशरॉड रॉकरचे एक टोक वर उचलतो. रॉकर म्हणजे तराजूची दांडीच. एक टोक वर गेले की दुसरे खाली येते आणि व्हॉल्व्हच्या दांडीच्या माथ्यावर दाब देते. व्हॉल्व्ह उघडतो. कॅमचा उंचवटा सरला की स्प्रिंग व्हॉल्व्हला पुन्हा मिटवते.

आपली पाच अश्वशक्तीची बरीच इंजिने मिनिटाला १५०० फेरे घेतात. चाकाच्या दोन फेऱ्यांत प्रत्येक व्हॉल्व्ह एकदा उघडतो. म्हणजे मिनिटाला ७५० वेळा आणि तासाला ४५,००० वेळा. रात्री दहा तास पंप चालला, तर रॉकरने व्हॉल्व्हच्या माथ्यावर साडेचार लाख वेळा दाब दिला. एवढे दाब सरळ पडले तर इंजिन वर्षानुवर्षे चालते. तिरके पडले तर काय होते, ते तात्यांच्या पंधरा गुंठ्यांत दिसले.

आपल्या घरातले उदाहरण घ्या. मुसळ उखळात उभे पडले तर भात कांडले जाते. तिरके पडत राहिले तर भात कांडले जात नाही आणि उखळाची कड मात्र फुटते. रॉकर हे मुसळ समजा आणि व्हॉल्व्हची दांडी हे उखळ समजा.

आता फटीबद्दल.

रॉकरचे टोक आणि व्हॉल्व्हचा माथा यांच्यात थोडी फट ठेवावी लागते. कारण इंजिन तापले की व्हॉल्व्ह लांबतो. फट नसेल तर लांबलेला व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही. मग पेटलेला वायू त्या बारीक जागेतून निसटतो आणि व्हॉल्व्हची कड जाळतो. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह जास्त तापतो, म्हणून बऱ्याच इंजिनांत त्याची फट इनलेटपेक्षा थोडी जास्त ठेवायला सांगतात.

१५०० फेऱ्यांच्या लहान इंजिनांना ही फट साधारण पाव मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी असते. सावकाश फिरणाऱ्या जुन्या लिस्टर पद्धतीच्या इंजिनांना यापेक्षा बरीच जास्त लागते. म्हणून शेजाऱ्याच्या इंजिनाचा आकडा आपल्या इंजिनाला लावू नका. सातारा रोडच्या कूपर कारखान्याचे इंजिन असो, १९४६ साली पुण्यात सुरू झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचे असो, की आणखी कोणाचे असो, त्या त्या इंजिनाच्या पुस्तकात किंवा पाटीवर आकडा दिलेला असतो. पुस्तक हरवले असेल तर विक्रेत्याकडून आपल्याच नमुन्याचा आकडा लिहून आणा आणि इंजिनघराच्या भिंतीवर रंगाने लिहून ठेवा.

फट फार मोठी झाली तर टकटक आवाज येतो, व्हॉल्व्ह कमी उघडतो, इंजिनाचा दम कमी होतो. फट फार लहान झाली तर काहीच आवाज येत नाही. उलट इंजिन गप्प चालते आणि आपण खूश होतो. पण आतून व्हॉल्व्ह जळत असतो. तेव्हा मंडळी, आवाज करणाऱ्या फटीपेक्षा गप्प बसलेली फट अधिक घातक, हे लक्षात ठेवा.

फट कशी लावायची ते क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट, इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. काही इंजिनांना गरम असताना लावायला सांगतात. तसे पुस्तकात असेल तरच गरम असताना लावा. डिझेलचा कॉक बंद करा. हँडल काढून बाजूला ठेवा. लहान मुले जवळ नकोत आणि अंगावर लोंबता पंचा नको.

दुसरी गोष्ट, रॉकरवरचे झाकण काढा. चाक इंजिन फिरते त्याच दिशेने हाताने सावकाश फिरवा. इनलेटचा व्हॉल्व्ह उघडून मिटेल. त्यानंतर चाक पुढे नेऊन चाकावरची वरच्या टोकाची खूण काट्यासमोर आणा. या जागी दोन्ही रॉकर हाताला सैल लागले पाहिजेत. चाक जरासे मागेपुढे केल्यावर दोन्ही रॉकर हलत असतील, तर तुम्ही चुकीच्या फेऱ्यात आहात. चाक आणखी एक पूर्ण फेरा फिरवा.

तिसरी गोष्ट फार जण विसरतात. इंजिन हलके फिरावे म्हणून जो डिकॉम्प्रेशनचा खटका असतो, तो बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्हला दाबून धरतो. फट मोजताना तो खटका सोडलेला पाहिजे. नाहीतर सगळे मोजमाप खोटे.

चौथी गोष्ट, लॉकनट सैल करा. फिलर गेजची योग्य पट्टी फटीत घाला. स्क्रू फिरवत पट्टी किंचित अडत सरकेल अशी फट ठेवा. स्क्रू तसाच धरून लॉकनट आवळा. आवळल्यावर पट्टी पुन्हा घालून पाहा, कारण आवळताना फट हमखास बदलते. मग चाक दोन फेरे फिरवून पुन्हा एकदा मोजा.

काही जण दाढीचे पाते घालून अंदाजाने फट लावतात. पाते साधारण ०.१ मिलिमीटर जाडीचे असते. आपल्या इंजिनाला त्याच्या दुप्पट फट लागत असेल, तर पात्याने लावलेली फट निम्मीच राहिली आणि व्हॉल्व्ह जळायला वाट मोकळी झाली. फिलर गेज ही काही फार महागडी वस्तू नाही. गावात चार इंजिने असली तर चौघांत एक घ्या.

इथपर्यंतचे काम मी तात्यांच्या इंजिनावर केले होते. आणि इथेच मी थांबलो होतो. आता पुढचे ऐका.

फिलर गेज फक्त एवढेच सांगतो की फट किती आहे. रॉकरचे टोक व्हॉल्व्हच्या माथ्यावर नेमके कुठे टेकते, सरळ टेकते की कडेला टेकते, हे गेज सांगत नाही. शिवाय रॉकरच्या टोकाला खड्डा पडला असेल तर सपाट पट्टी त्या खड्ड्याच्या दोन कडांवर टेकते. पट्टी म्हणते फट बरोबर आहे, पण व्हॉल्व्हचा माथा खड्ड्यात बसतो आणि खरी फट त्याहून जास्त असते. तात्यांच्या इंजिनात हेच झाले होते. म्हणून आकडा बरोबर येऊनही आवाज गेला नव्हता.

तर ठसा कसा पाहायचा? काम अगदी सोपे आहे. घरातली काजळी घ्या, त्यात तेलाचा एक थेंब टाका आणि बोटाने मळून घ्या. व्हॉल्व्हचा माथा फडक्याने कोरडा पुसून त्यावर ही काजळी अगदी पातळ लावा. फट आधी बरोबर लावलेली असू द्या. आता चाक हाताने सावकाश चार-सहा फेरे फिरवा. इंजेक्टर काढून ठेवला तर चाक हलके फिरते, पण त्या भोकात कचरा जाणार नाही अशी काळजी घ्या. या वेळी डिकॉम्प्रेशनचा खटका वापरू नका, नाहीतर ठसा खोटा पडेल. मग रॉकर बाजूला करून माथ्यावर काजळी कुठे पुसली गेली आहे ते पाहा.

ठसा अरुंद पट्ट्यासारखा आणि माथ्याच्या मध्यावर असेल, तर रॉकर सरळ दाबतो आहे. निर्धास्त राहा.

ठसा रुंद पसरला असेल, तर रॉकरचे टोक प्रत्येक दाबाला माथ्यावरून घसरत आहे. म्हणजे रॉकरची आणि व्हॉल्व्हच्या माथ्याची उंची एकमेकींशी जमत नाही.

ठसा अरुंद आहे, पण दांडीच्या डाव्या किंवा उजव्या अंगाला आहे, तर रॉकर आपल्या पिनेवर बाजूला सरकला आहे. तिथली वॉशर झिजली असेल किंवा बसवायची राहिली असेल.

आणि ठसा पार कडेला गेला असेल, तर ते इंजिन चालवू नका. कडेवर पडणारा दाब दांडीला बाजूला रेटतो. दांडी गाईडला घासते, गाईडचे भोक लांबट होते. मग तेल खाली उतरते, निळसर धूर येतो, आणि एक दिवस व्हॉल्व्ह गाईडमध्येच अडकतो.

सरळ दाबाची खूण काय, तेही सांगतो. व्हॉल्व्ह जितका उघडतो त्याच्या बरोबर निम्मा उघडला असताना, रॉकरच्या पिनेच्या मध्यापासून त्याच्या टोकापर्यंतची रेषा आणि व्हॉल्व्हची दांडी यांच्यात काटकोन असावा. सुतार गुण्या लावून चौकटीचा काटकोन पाहतो ना, तसाच. म्हणजे मिटलेल्या जागी रॉकर जितका वर असेल, तितकाच पूर्ण उघडल्यावर खाली जातो. त्यामुळे टोकाचे घसरणे कमीत कमी होते. मोटारींच्या शर्यतीत मिनिटाला सात-आठ हजार फेरे घेणारी इंजिने असतात. त्यांचे हेड जुळवणारे कारागीरही हाच काटकोन पाहतात आणि माथ्यावर शाई लावून हाच ठसा तपासतात. त्यांचे इंजिन तासाभराची शर्यत धावते. आपले इंजिन रात्रभर पाणी ओढते. शर्यत हरली तर एक बक्षीस जाते, आपले इंजिन हरले तर हंगाम जातो.

आता प्रश्न असा की कारखान्यातून बरोबर आलेला हा कोन बिघडतो कशाने? बहुतेक वेळा तो दुरुस्तीच्या वेळीच बिघडतो.

व्हॉल्व्ह गळू लागला की त्याची सीट कापून साफ करतात. प्रत्येक वेळी सीट थोडी कापली जाते आणि व्हॉल्व्ह हेडमध्ये थोडा खोल बसतो. खालचे तोंड जितके आत जाते, तितका दांडीचा माथा वर येतो. रॉकरची पीन मात्र आहे तिथेच. झाले, कोन बिघडला.

हेड वाकले म्हणून त्याचा खालचा तळ मशीनवर घासून घेतला, तर सगळे हेड खाली येते. पुशरॉड तेवढाच राहतो, म्हणजे तो जणू लांब झाला. फट मिटत जाते आणि ती परत मिळवायला स्क्रू मागे घ्यावा लागतो. पातळ गॅस्केट बसवले तरी हाच परिणाम.

यातून एक उपयोगी खूण मिळते. हेड नुसते घासले असेल तर स्क्रूची जागा बदलते, पण ठसा जागेवर राहतो. व्हॉल्व्ह खोल बसला असेल तर स्क्रूही बदलतो आणि ठसाही बिघडतो. तात्यांच्या इंजिनात दोन्ही कामे झाली होती. स्क्रू मागे घेऊन घेऊन अगदी शेवटच्या आट्यांवर आला होता. मी तो डोळ्यांनी पाहिला होता, पण त्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

म्हणून हेड उतरवण्याआधी वहीच्या कागदावर तीन गोष्टी लिहून ठेवा. एक, लॉकनटच्या वर स्क्रूचे किती आटे दिसतात. दोन, जुने गॅस्केट किती जाड आहे. तीन, हेड उतरवल्यावर व्हॉल्व्हचे तोंड हेडच्या तळापासून किती आत बसले आहे. हेडच्या तळावर सरळ पोलादी पट्टी आडवी ठेवा आणि तिच्या खालची खोली मोजा. दुरुस्ती होऊन हेड परत आले की तीच तीन मापे पुन्हा घ्या. फरक दिसला तर वर्कशॉपमध्येच विचारा. घरी आणून बसवल्यावर विचारण्यात अर्थ नाही.

वर्कशॉपमधून हेड उचलण्याआधी आणखी एक परीक्षा तिथेच करून घ्या. व्हॉल्व्ह आणि स्प्रिंग बसवलेल्या असताना हेडच्या हवेच्या आणि धुराच्या वाटेत थोडे रॉकेल किंवा डिझेल ओता. पाच-दहा मिनिटे थांबा. व्हॉल्व्हच्या तोंडाभोवती ओल झिरपली तर सीट अजून बसलेली नाही.

पुशरॉड दोन असतात. काढताना त्यांना चिठ्ठ्या बांधा आणि ज्याचा त्याच जागी परत बसवा. आरशाच्या काचेवर लाटून पाहा. सरळ असेल तर एकसारखा लाटला जातो, वाकडा असेल तर डुगडुगतो. नवा पुशरॉड आणलात तर जुन्या, न वाकलेल्या पुशरॉडशेजारी उभा धरून लांबी ताडून पाहा. दिसायला सारखे असणारे सुटे भाग मापाला सारखे असतीलच असे नाही.

आता दोष सापडला तर उपाय काय?

व्हॉल्व्ह कंपनीने सांगितलेल्या मर्यादेपेक्षा खोल गेला असेल, तर नवी सीट आणि नवा व्हॉल्व्ह बसवणे हाच खरा उपाय. थोडा फरक असेल आणि पुस्तकात तशी सोय दिली असेल, तर रॉकरच्या स्टँडखाली पातळ पोलादी पट्टी घालून रॉकर तेवढा वर घेता येतो. असे केले की कोनही जागेवर येतो आणि स्क्रूही पुन्हा मध्यावर येतो. पण ही पट्टी सर्व बोल्टांखाली सारख्या जाडीची पाहिजे आणि तेलाचे भोक बुजता कामा नये. डब्याचा पत्रा कापून घालू नका.

रॉकरच्या टोकाला खड्डा पडला असेल तर रॉकर बदला, किंवा चांगल्या वर्कशॉपमध्ये मूळ गोलाईप्रमाणे ग्राइंड करून घ्या. हातातल्या ग्राइंडरवर अंदाजाने घासू नका. व्हॉल्व्हचा माथा घासून दांडी आखूड करायचा सोपा मार्ग काही जण सुचवतात. तसे करू नका. माथ्यावरचा कठीण थर पातळ असतो. तो गेला की खालचे मऊ लोखंड थोड्याच दिवसांत मशरूमसारखे पसरते.

हेडचा तळ घासून घेतला असेल तर आणखी एक अंतर तपासावे लागते. पिस्टन अगदी वर आला असताना तो आणि हेड यांच्यात किती जागा राहते, ते. पिस्टनच्या माथ्यावर शिशाच्या मऊ तारेचे तुकडे ठेवून, हेड बसवून, बोल्ट आवळून चाक हाताने फिरवतात. मग चेपलेल्या तारेची जाडी मोजतात. ती पुस्तकातल्या अंतराशी जुळली पाहिजे. हे काम मिस्त्रींकडूनच करून घ्या, पण आपण समोर उभे राहून करून घ्या.

हेडचे बोल्ट एका बाजूने आवळत जाऊ नका. समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळा. आणि ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवा : नवे गॅस्केट बसवल्यावर काही तास इंजिन चालले की गॅस्केट दबते आणि बोल्ट किंचित सैल होतात. पुस्तकात सांगितले असेल त्याप्रमाणे ते पुन्हा आवळले की हेड खाली बसते आणि टॅपेटची फट कमी होते. म्हणजे दुरुस्तीच्या दिवशी बरोबर लावलेली फट आठवड्यात लहान झालेली असते, आणि ती गप्प असते. म्हणून बोल्ट पुन्हा आवळलेत की फट पुन्हा लावलीच पाहिजे.

शेवटी तेल. रॉकरच्या पिनेला तेल पोचते की नाही ते झाकण काढल्यावर पाहा. काही इंजिनांत तिथे हाताने तेल द्यावे लागते. जिथे भोकातून तेल येते, तिथे भोक तारेने साफ ठेवा. कोरडी पीन झिजली की रॉकर डुलतो आणि तुम्ही जुळवलेला कोन राहत नाही.

हे सगळे केव्हा करायचे? पंपाची खरी गरज पौषापासून वैशाखापर्यंत. उन्हाळी भाताची रोपे टाकायच्या आधी, म्हणजे दिवाळी झाली की इंजिनाचे झाकण उघडा. ज्यांचा वाल आणि भाजीपाला आहे त्यांनीही हाच मुहूर्त धरावा. दुसऱ्यांदा तपासणी भात पोटरीत येण्याआधी करा. दोन्ही वेळा मिळून अर्धा दिवस जाईल. एकदा का फुलोरा आला, की मग इंजिन थांबवायला एक तासही आपल्या हातात राहत नाही.

तात्या त्यानंतर तीन हंगाम उन्हाळी भात करत होते. दर दिवाळीनंतर ते मला निरोप धाडायचे, "साहेब, काजळी मळून ठेवलीय." मी जायचो. आम्ही दोघे मिळून ठसा पाहायचो. पहिल्या वर्षी काजळी मी लावली, पुढची दोन वर्षे त्यांनीच लावली आणि मला दाखवली. आज त्यांचा मुलगा लावतो. त्या पंधरा गुंठ्यांत आता कर्जत ७ असते. वरच्या बाजूला आहे म्हणून पाणी तिथे सर्वांत शेवटी पोचते, पण पोचते.

तेव्हा बंधूंनो आणि भगिनींनो, मिस्त्रीचे काम मिस्त्रींनाच करू द्या, पण ते बरोबर झाले की नाही हे पाहण्याचे काम आपले आहे. चिमूटभर काजळी, एक फिलर गेज आणि वहीचा एक कागद, एवढ्यावर ते होते. इंजिन वेगळा आवाज काढून काही सांगत असेल तर ऐका, आणि कोणी साहेब म्हणाला की लक्ष देऊ नका, तर त्यालाच झाकण उघडून दाखवायला सांगा.

नमस्कार.

लक्षात ठेवा

१. फटीचा आकडा आपल्याच इंजिनाच्या पुस्तकातला घ्या. फट मोजताना इंजिन थंड आणि डिकॉम्प्रेशनचा खटका सोडलेला असावा.

२. फट लावल्यावर काजळीने ठसा पाहा. ठसा अरुंद आणि मध्यावर असावा.

३. हेड उतरवण्याआधी आणि दुरुस्तीनंतर तीन मापे लिहा : स्क्रूचे आटे, गॅस्केटची जाडी, व्हॉल्व्हची खोली.

४. हेडचे बोल्ट पुन्हा आवळले की टॅपेटची फट पुन्हा लावा.

५. तपासणी दोनदा : दिवाळीनंतर एकदा आणि भात पोटरीत येण्याआधी एकदा.